अभिमन नानांच्या सहा पुड्या

अभिमन नाना आमच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या म्हणजे भडगावच्या डॉक्टरसाहेबांच्या. मी तिथं दाराशी टेबल टाकून केसपेपर लिहायची. नाना डॉक्टरसाहेबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे, एकतीस वर्षांचे जुने. मूळ गाव शिंदखेड्याकडचं, शिक्षण सातवी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण डॉक्टरांचं अक्षर वाचता येत होतं, आणि त्या दोन्हींत अवघड कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

नानांच्या लाकडी खिडकीतून दोनच गोष्टी बाहेर यायच्या. एक लाल औषधाची बाटली, तिच्यावर डोस दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. दुसरी पुड्या. म्हातारं असो की लेकरू, "गिळता येस नही" असं कोणी म्हणायची खोटी, नानांचा खल वाजायला लागायचा. गोळी कुटायची, साखर मिसळायची, ताजव्यात तोलायची आणि पुड्या बांधायच्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नानांच्या हिशेबानं जगात असा आजार नव्हता जो तीन वेळांत बसत नाही.

एकतीस वर्षांत डोस चुकला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. गावच सांगायचं.

पंच्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डॉक्टरसाहेबांचे मुंबईचे मेहुणे आले आणि दवाखान्याला एक काचेची पेटी भेट देऊन गेले. चार फूट लांब. माशांची पेटी असते तशीच, पण आत पाणी खारं. समुद्राचं. त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एका दगडावर वाढलेलं भूछत्रासारखं काहीतरी, रंगानं मातकट, हाताला चामड्यासारखं. मेहुणे म्हणाले, हे झाड नाही, प्रवाळाच्या जातीचा प्राणी आहे. कोणाला पटलं नाही. पण सकाळी पेटीची ट्यूब लावली की त्याच्या अंगभर बारीक बारीक दोरे फुलायचे, मासे त्यात शिरून बसायचे आणि संध्याकाळी ट्यूब बंद केली की सगळे दोरे आत. नानांनी त्याचं नाव म्हातारा ठेवलं. "सूर्य पाहीसन उठस, सूर्य पाहीसन झोपस," नाना म्हणाले. "मन्हा बाप असाच व्हता."

डॉक्टरसाहेबांना आठ दिवस कौतुक वाटलं. पुढं ती पेटी नानांचीच झाली.

नानांनी समुद्र पाहिलेला नव्हता. वय अठ्ठावन्न, आणि जास्तीत जास्त मोठं पाणी पाहिलेलं म्हणजे पुरातली गिरणा. कदाचित म्हणूनच असेल, पेटीतलं पाणी ते असं सांभाळायचे की देव्हाऱ्यातलं मी सांभाळत नसेन. उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागे. नळाचं चालत नाही म्हणून नाना गॅरेजातून बॅटरीत घालायचं पाणी आणत. आणि खारं पाणी आणायचा चांद ड्रायव्हर. चांदभाईंचा ट्रक आमच्याकडची केळी भरून वाशीला जायचा आणि परत येताना रिकामा असायचा. उरणच्या ओळखीच्या कोळ्याला ते केळीचा एक घड द्यायचे, कोळी होडीतून आतलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून द्यायचा.

"नाना, तुमचा समंदर आणला," म्हणत चांदभाई कॅन उतरवायचे. नाना बोट बुडवून जिभेला लावत आणि मगच कॅन आत घेत.

घरी मंजुळाबाई, नानांच्या मंडळी, म्हणत, "माले बठ्ठा जनम इचारं नही भाजीमां मीठ बराबर शे का म्हनीसन."

श्रावण लागला आणि पेटीला शेवाळ धरलं. आधी काचेवर हिरवा हात फिरवल्यासारखं. मग दगडांवर केस आले, लांब, हिरवे, चिकट. नाना रोज जुन्या ब्रशनं घासत, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. गणपतीपर्यंत पाणी हिरवं झालं आणि वासही यायला लागला. पेशंट नाकाला पदर लावून बसू लागले. झिपरू आबा नावाचे एक कापूसवाले शेतकरी रक्तदाब मोजायला येत, ते म्हणाले, "नाना, दवाखानामां उनू का हिरवर उनू, समजस नही." उनू म्हणजे आलो, हिर म्हणजे विहीर.

डॉक्टरसाहेबांनी हे ऐकलं. त्यांनी नानांना बोलावलं.

"नाना, दसऱ्यापर्यंत साफ झालं तर ठीक. नाहीतर ही पेटी रिकामी करून तिच्यात औषधांचे नमुने मांडू. काच चांगली आहे."

"आणि मासे, साहेब?"

"मेहुण्यांना परत. जगले तर."

त्या दिवशी नानांनी एका पेशंटच्या बाटलीला पट्टी उलटी चिकटवली, आणि मी ती सरळ करवली. एवढ्यावरून मला कळलं की गोष्ट कुठवर गेली आहे.

मग नानांनी माझ्याकडून मेहुण्यांना पत्र लिहवून घेतलं. उत्तर म्हणून चांदभाईंबरोबर एक डबा आला. आत पांढरे टणक दाणे, ज्वारीएवढे, आणि एक इंग्रजी कागद. सोबत मेहुण्यांची मराठी चिठ्ठी: पाण्यात फॉस्फेट वाढलं आहे, त्यावर शेवाळ पोसतं, हे दाणे फॉस्फेट शोषून घेतात; कागदात लिहिल्याप्रमाणे वापरावे.

झिपरू आबा बाकावर बसून ऐकत होते. फॉस्फेट म्हटल्यावर ते उठून आले. आमच्याकडे फॉस्फेट कोणाला सांगावं लागत नाही, सोसायटीत गोणीनं मिळतं.

"म्हंजे खत?" ते म्हणाले.

"खतच," मी म्हटलं.

"आम्ही पैसा दीसन टाकतस, आन तुम्ही पैसा दीसन काढतस?" आबांनी डबा हलवून पाहिला. "दवाखाना चालस तरी कसा?"

डॉक्टरसाहेब त्या दोन दिवसांसाठी जळगावला कसल्याशा परिषदेला गेले होते. घटस्थापनेचा सोमवार, दसरा आठ दिवसांवर. नानांना थांबवेना. त्यांनी तो कागद खिडकीत धरला. शब्द त्यांना परके, पण आकडे ओळखीचे. एका चमच्यापुढं पंचवीस लिटर. पुढं कुठंतरी अठ्ठेचाळीस तास. पेटीत दोनशे लिटर पाणी, म्हणजे आठ चमचे. अठ्ठेचाळीस तास म्हणजे दोन दिवस. दोन दिवस म्हणजे सहा वेळा.

"सहा पुड्या," नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एका महिन्यानं मोकळा झाला. हा तर त्यांच्या खिडकीतलाच आजार निघाला.

मी मराठी शाळेतली. इंग्रजी माझंही बेतासबात, पण एक गोष्ट मला दिसली. "नाना, यात 'करू नका' असं दोन ठिकाणी लिहिलंय. काय करू नका ते कळत नाही, पण ठळक अक्षरात आहे. साहेब आल्यावर विचारू."

"औषधवर तसं लिखेलच ऱ्हास, लताबाई," नाना म्हणाले. "ते वाचत बसतू ते आरधं गाव औषधबिगर मरी जातं."

आणि खल वाजायला लागला.

दाणे कठीण होते. नानांनी पीठ होईपर्यंत कुटले, फडक्यातून चाळले, तोलले, सहा पुड्या बांधल्या. सवयीनं साखर घालायला हात गेला होता, तो मात्र मागं घेतला. पहिली पुडी सकाळी दहाला पेटीत गेली. पाणी जरा धुरकटलं. दुसरी दुपारी दोनला. तिसरी संध्याकाळी पाचला, आणि तिच्यानंतर पेटीत मासे आहेत हे आम्हाला माहीत होतं म्हणून, एरवी दिसत नव्हते. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

आता हे कधी घडलं तर गणपतीनं दूध प्यायला चार दिवस झाले होते त्या सोमवारी. ज्यांना ते वर्ष आठवत असेल त्यांना आठवेल. त्या गुरुवारी आमच्या गावातही मंदिरापुढं रांग होती. मीही वाटी-चमचा घेऊन गेले होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तर बाकावर भागाबाई बसल्या होत्या, गुडघेदुखीच्या. त्यांनी पेटीकडं पाहिलं, उठल्या, गुडघे विसरल्या आणि काचेला हात लावून कपाळाला लावला.

"बठ्ठं पानी दूध व्हई गयं," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात दवाखान्यात बिनआजाराची माणसं जमली. कोणी फूल आणलं, कोणी हळदकुंकू. काचेला कुंकू लागलं. एका बाईनं तांब्या पुढं करून मला विचारलं, तीर्थ मिळेल का. नाना खिडकीत उभे होते, खल हातात तसाच. लोक त्यांच्या चुकीला नमस्कार करत होते, आणि ती चूक आहे हे आत्ता आम्हा दोघांनाच कळत होतं, कारण एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता.

"लताबाई," नाना हळूच म्हणाले, "आते काय करानं?"

मी आयुष्यात देवाच्या नावानं खोटं बोललेली नाही. त्या दिवशीही बोलले नाही. मी सगळ्यांना सांगितलं की हे दूध नाही, नानांचं औषध आहे, आणि जो कोणी पिईल त्याचा केसपेपर मी आत्ता काढते. दवाखाना रिकामा झाला.

एक कॅन खारं पाणी नेहमी शिलकीत असे. आम्ही ते दोन मोठ्या पातेल्यांत ओतलं. एकात मासे सोडले, दुसऱ्यात म्हातारा. हवेचा पंप आलटून पालटून लावला. म्हाताऱ्यानं सगळे दोरे आत घेतले होते आणि तो आक्रसून वाळल्या आंब्याच्या फोडीसारखा झाला होता. त्याच्यावर पांढरी भुकटी बसली होती. नानांनी ती सलाईनच्या बाटलीत खारं पाणी भरून, नळीनं थेंब थेंब सोडून धुतली. एवढ्या हलक्या हातानं त्यांनी माझ्या समोर कोणाला पट्टीसुद्धा बांधलेली नव्हती.

मंगळवारी सकाळी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी पेटी पाहिली, काचेवरचं कुंकू पाहिलं, उरलेल्या तीन पुड्या पाहिल्या आणि तो कागद उभ्या उभ्या वाचला. मग मराठीत सांगितलं.

"'दाणे कुटू नयेत.' हे ठळक आहे. 'स्वच्छ पाण्यात वारंवार धुवून घ्यावेत, भुकटी पाण्यात जाऊ देऊ नये, तिनं माशांच्या कल्ल्यांना आणि प्रवाळांना त्रास होतो. कापडी पिशवीत भरून टांगावे. थेट पाण्यात टाकू नयेत.' हेही ठळक आहे. 'आधी थोडे वापरून पाहावे. अठ्ठेचाळीस तासांनी पिशवी काढून घ्यावी.'" त्यांनी कागदाची घडी केली. "नाना, जेवढं करू नका म्हटलंय तेवढं तुम्ही केलंय. वेळेवर केलंय, हे खरं."

साहेबांनी घडी परत उलगडली.

"आणि इथं असंही लिहिलंय की खाणं जास्त झालं की फॉस्फेट होतं. जे मासे खात नाहीत ते कुजतं. तुम्ही किती देता?"

"चिमूटभर, साहेब. मोजून."

"मग एवढं आलं कुठून?" म्हणत साहेब केबिनमध्ये गेले. दाराशी थांबून म्हणाले, "दसरा मंगळवारी आहे."

त्या दिवशी दुपारी चांदभाईंचा ट्रक केळी भरून निघणार होता. नानांनी टोपी घातली, मंजुळाबाईंनी दिलेल्या भाकरीचं फडकं घेतलं आणि चार रिकामे कॅन घेऊन ट्रकपाशी जाऊन उभे राहिले.

"चांद, मी येस तुन्हासंगे."

"नाना, पाणी तर मी आणतोच. तुम्ही कशाला हाडं खिळखिळी करता?"

"चूक मन्ही शे. पानी मीच आनसू." 

एकतीस वर्षांत नानांनी पहिल्यांदा रजा घेतली. खिडकीत डॉक्टरसाहेब स्वतः पुड्या बांधायला बसले, आणि दोन दिवस भडगावात अशा पुड्या फिरत होत्या की खिशात घातल्या की सुटायच्या.

मागं मी पेटी रिकामी करायला घेतली. पांढरं पाणी नळीनं काढलं, निम्मं टाकून दिलं. निम्मं ठेवलं ते चार पदरी मलमलमधून आणि कापसातून गाळलं, पुन्हा गाळलं. बायकांना यात नवीन काही नाही. मग दगड उचलले. आणि दगडांखाली फॉस्फेट सापडलं.

कणकेच्या गोळ्या. काही फुगून लिबलिबीत झालेल्या, काही अजून गोल. एक फोडली तर आत कागदाची बारीक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर शाई पसरलेली तरी वाचता येईल असं 'श्रीराम'. अक्षर माझं.

दर गुरुवारी मी रामनामाच्या अकरा चिठ्ठ्या लिहायची, कणकेच्या गोळीत घालायची आणि माशांना द्यायची. माझ्या आईनं शिकवलेलं. आई गिरणेवर जायची. दवाखाना सोडून गिरणेवर जाणं मला जमेना, आणि मासे तर दाराशी आले होते. नाना पाणी आणायला गॅरेजात गेले की मी पेटीचं झाकण उचलायची. मासे गोळी खात नव्हते हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, मी गेल्यावर खात असतील.

माझ्या एकटीच्या नव्हत्या, हेही सांगते. गोळ्यांबरोबर फुटाणे निघाले, बिस्किटाचे तुकडे निघाले, साखरफुटाणे, तुळशीची पानं, एका कोपऱ्यात अख्खी खारीक. सगळा तालुका माशांना खाऊ घालून बरा होऊन घरी जात होता. पण लिहिलेलं माझंच होतं.

त्या दोन दिवसांत मी दोनदा ठरवलं की गोळ्या गुपचूप उकिरड्यावर टाकाव्या. नाव त्यावर रामाचं होतं म्हणून टाकवेना, आणि गुपचूप तर मुळीच नाही. वाटीत घालून ठेवल्या.

गुरुवारी दुपारी ट्रक आला. नाना उतरले, कपडे चुरगळलेले, पायांना वाळू. मी समुद्राचं विचारलं. ते म्हणाले, "आधी पानी." पेटी भरली, मासे सोडले, म्हाताऱ्याला दगडावर ठेवलं. मग मी वाटी पुढं केली आणि जे होतं ते सांगितलं.

नानांनी एक चिठ्ठी उलगडली, वाचली, परत घडी केली. मला वाटलं, आता बोलतील. डॉक्टरसाहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते.

"चला, कुठून आलं ते कळलं," साहेब म्हणाले. "लताबाई, यापुढं काही नाही. नाना, तुमचं तरी एवढंच ना? चिमूटभर?"

"चिमूटभर, साहेब. आन थोडं टॉनिक."

"कसलं टॉनिक?"

"मासे उन्हाळ्यात सुस्त झाले होते, म्हणून. आपलंच, नमुन्याचं. रोज एक झाकण." आणि नाना आपल्या सवयीप्रमाणे बाटलीवरची नावं पाठ म्हणू लागले, आरती म्हणावी तशी, एका दमात. "जीवनसत्त्व बी एक, बी दोन, बी बारा, निकोटिनामाइड, सोडियम ग्लिसरोफॉस्..." 

ते थांबले.

"फॉस्फेट," डॉक्टरसाहेबांनी पुरं केलं.

नानांनी वाटी माझ्या हातात परत दिली. "लताबाई, तुमना राम आठवडामां एक डाव. मन्हं टॉनिक रोज." माझी कबुली अशी अर्ध्यावर मिटली. त्या आठवड्यात मी हलकी होऊन चालत होते.

उरलेले दाणे मी धुतले. तांदूळ धुवावे तसे, निवळी स्वच्छ येईपर्यंत, नऊ पाणी. सुपारीच्या पिशवीएवढी मलमलची पिशवी शिवली, तिच्यात दोनच चमचे दाणे घातले आणि नानांनी ती पाण्यात टांगली. दोन दिवसांनी, घड्याळ लावून, काढली. परत थोडे. पाणी बदललेलं, खाणं बंद केलेलं, दगड घासलेले. खरं सांगायचं तर दाण्यांना फारसं काम उरलंच नव्हतं. वापरलेले दाणे झिपरू आबांनी मागून नेले आणि मिरचीच्या कुंडीत घातले. मिरची होती तशीच राहिली.

दसऱ्याला डॉक्टरसाहेब आपट्याची पानं वाटत पेटीपाशी आले. पाणी असं होतं की पेटी रिकामी वाटावी. मासे ठीक. पण म्हातारा मिटलेलाच.

"मेला का हा?"

"उपास शे त्याले, साहेब," नाना म्हणाले. नानांचा आवाज मात्र तेवढा खात्रीचा नव्हता.

साहेबांनी वास घेतला. वास नव्हता. मग म्हणाले, "नमुन्यांचं कपाट मी सुताराला सांगतो. पेटी राहू द्या." पेटीवर तेव्हापासून पाटी आहे: माशांना काही देऊ नये. खाली, मी लिहिलेलं: पुण्यासाठी गिरणा नदी जवळ आहे. माझ्या गुरुवारच्या गोळ्याही आता तिकडंच जातात, दवाखाना उघडायच्या आधी.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी नानांनी ट्यूब लावली आणि स्टूल घेऊन रोजच्यासारखे पेटीपुढं बसले. मी केसपेपर मांडत होते. बऱ्याच वेळानं मान वर केली तर म्हाताऱ्याच्या एका कडेला मिशी फुटल्यासारखे चार-पाच दोरे बाहेर आले होते. दहापर्यंत निम्मा फुलला, आणि एक मासा शिरून बसला.

भागाबाई गुडघे दाखवायला आल्या होत्या. त्यांनी यावेळी काचेला हात लावला नाही, लांबूनच पाहिलं. मग नानांना विचारलं, "नाना, तुम्ही म्हने मुंबईले जाई उनात. समुद्र पाह्या का?"

हे मी दहा दिवस विचारत होते आणि मला उत्तर मिळालं नव्हतं.

"पाह्या," नाना म्हणाले. त्यांनी फडक्यानं काचेवरचा बोटाचा एक ठसा पुसला. "मोठा शे. पन देखरेख करनारं कोनी नही."